सहा गाठींची दोरी

शोरूमला निघताना दशरथने कागद घेतले,
मी दोरी घेतली.
गोठ्यातलं जुनं दावं, दोन वाव लांब,
त्याला सहा गाठी.

कापूरबावडीला काचेच्या आत गाड्या,
खाली फरशी, तोंड दिसेल अशी.
आमच्याकडे फरशी म्हणजे शाई नदीवरची,
श्रावणात ती दिसत नाही,
नुसती आठवून ओलांडायची.

टायवाला पोरगा आला. कौस्तुभ, खिशावर नाव.
"मॅडम, ऑफरोडिंगची आवड आहे का?"
म्हटलं, आवड रस्त्याची आहे, भाऊ.
बिनरस्त्याची नुसती सवय.

मग तो मिलिमीटरमध्ये बोलत राहिला
आणि मी गुडघ्यावर बसून
दोरी गाडीला लावत राहिले.

पहिली गाठ सासूबाईंचा उजवा पाय.
इतकाच उचलतो, वर एक बोटसुद्धा नाही.
दुसरी, फरशीवरचं पाणी,
शाळेला सुट्टी देत नाहीत त्या दिवसाचं.
पहिली म्हणते गाडी बुटकी हवी,
दुसरी म्हणते उंच.
दोन्ही माझ्याच हातच्या.

तिसरी दुधाचा कॅन, झाकणासकट.
चौथी कशाची, आठवेना.
भर शोरूममध्ये मी ती चिमटीत धरून उभी
आणि कौस्तुभ आदराने गप्प.
पाचवी माझी स्वतःची लांबी.
बारकूकाकांच्या सुनेला झोळीतून नेलं
त्या रात्रीनंतर मी ओटीवर आडवी झाले,
सानिकाने टाचेपाशी गाठ मारली, हसत.
मी हसले नाही.

सहावी आमची बोळ.
इकडे आमचा गोठा, तिकडे बारकूकाकांचं कुंपण,
बारा वर्षांच्या भांडणाने ताठ उभं.

किंमत ऐकून दशरथने पाणी मागितलं.
थंड होतं, दोन ग्लास प्यायला.

परतताना कोनगावच्या जुन्या गाड्यांच्या आवारात
एक राखाडी भेटली.
सात वर्षांची, डावा दिवा आंधळा,
पायपुसणं उचललं तर खाली भाताचं तूस.
तिथेच माझं ठरलं.
दशरथने तरी खाली वाकून पत्रा ठोकून पाहिला,
मग तो दुसरा छोटा गिअर ओढला.
"हा टाकला की चारही चाकं ओढतात."

हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या,
"आपल्या घरात दोनच ओढतात."
कोणती दोन, ते सांगितलं नाही.
दशरथ वैरण घालायला उठून गेला.

गाडी मीच आणली, लायसन माझंच.
डोळखांबपर्यंत नीट. पुढे ती हलली,
पण आम्ही त्याला हलणं म्हणत नाही.
फरशीवर पाणी घोट्याएवढं, लहान गिअर टाकला,
मागून सानिका ओरडली, "आई, चारही!"

बोळीपाशी थांबलो.
चार बोटं जास्त.

मी उतरले, काकांच्या अंगणात गेले,
काही बोलले नाही, दोरी धरून दाखवली,
सहाव्या गाठीच्या पुढे चार बोटं.
ते दोरीकडे बघत राहिले,
मग झोळीचा बांबू अजून पडवीत होता, त्याच्याकडे.
"दूध रोज नेणार ना शहापूरला?"
हो.
"मग माझी वरीपण न्यायची. भाडं देणार नाही."
सकाळी कुंपण वीतभर मागे होतं,
दोन खांब अजून वाकडेच.

उरला सासूबाईंचा पाय.
गाडी उंच ती उंचच.
शेवटी जेवणाचा पाट काढला,
भोक पाडून त्याच दोरीने दारावरच्या कडीला बांधला.
त्या पाटावर उभ्या राहतात,
एका हाताने दोरी धरतात,
कुणाला तरी शिवी घालतात आणि चढतात.

मुठीत बरोबर चौथी गाठ येते.